तोंड आलंय म्हणजे नेमकं काय आलंय?

संध्याकाळचे साडेआठ वाजलेले. भांडुपला स्टेशनजवळच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. बाहेर बाकावर अजून सहा जण बसलेले. आतला पेशंट रिक्षा चालवतो, वय बेचाळीस. बीपी तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, पैसे देऊन झाले. दाराला हात लावल्यावर तो मागे वळला. “मॅडम, जरा तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स लिहा ना त्यातच.”

दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा, कामाची तक्रार बहुतेक वेळा अशीच उंबरठ्यावर निघते. मी त्याला परत बसवलं. त्याच्या तोंडात काय सापडलं ते पुढे येईलच.

दरवर्षी ३१ मे आला, जागतिक तंबाखूविरोधी दिन, की वर्तमानपत्रांत तोंडाच्या कर्करोगाचे आकडे छापून येतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि बंदीचा आदेश वर्षावर्षाने नव्याने निघतो, त्याचीही बातमी होते. (टपरीवर गुटखा मिळत नाही, असं मात्र छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही.) २०१५ च्या फेब्रुवारीत आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, तोंडाच्या कर्करोगाने गेले, वय अवघं सत्तावन्न. त्या आठवड्यात माझ्याकडे दहा-बारा माणसं नुसती तोंड दाखवायला आली होती. महिन्याभरात ती वर्दळ आटली.

या बातम्या वाचताना मला एकच कोडं पडतं. पोटातला, फुप्फुसातला रोग उशिरा सापडतो हे समजू शकतं, तिथे डोळा पोचत नाही. पण तोंड? सकाळी ब्रश करताना आरशात दिसेल, अशा जागी होणारा हा रोग. तरीही निम्म्याहून जास्त रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतात ते तो बराच पसरल्यावर. असं का होतं आणि त्यात माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरने काय करायचं, एवढ्यापुरता हा लेख.

एकाच जागी सारखं रफू

तोंडाच्या आतलं अस्तर फार नाजूक आणि तितकंच कामसू. गरम चहाने भाजतं, पापडाच्या कडेने खरचटतं, दाताखाली येतं. म्हणून ते सतत नवं होत असतं. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या वर येतात, आणि एक-दोन आठवड्यांत गालाचं अस्तर जवळजवळ बदलून जातं. आपण “तोंड आलंय” म्हणतो ते फोड बहुतेक वेळा याच काळात आपोआप बरे होतात. बी-कॉम्प्लेक्स घेतलं तरी बरे होतात, न घेतलं तरी होतात. श्रेय गोळीला मिळतं.

आता समजा कुणी रोज दहा वेळा चुना लावून मळलेली तंबाखू खालच्या ओठामागे किंवा गालफडात, नेमकी त्याच जागी धरतो. तिथलं अस्तर रोज भाजतं आणि रोज दुरुस्त होतं. पँटचा गुडघा एकाच जागी दहा वेळा रफू केला तर काय होतं ते आठवा. कापड जाड होतं, ताठरतं, मूळ वीण दिसेनाशी होते. तोंडातला पांढरा, खरखरीत, पुसून न जाणारा चट्टा हे असंच दाट रफू असतं. आणि दर वेळी नव्या पेशी तयार होताना मूळ नकाशाची नक्कल करावी लागते. तंबाखूतली रसायनं त्या नकलेत चुका घडवतात. हजारो चुका शरीर खोडून काढतं. पण एखादी पेशी अशी निपजते, की ती थांबायचंच विसरते. तिची पिल्लावळ खाली, स्नायूत, हाडात, मानेतल्या गाठींत शिरते. त्याला आपण कर्करोग म्हणतो.

हे व्हायला साधारणपणे वर्षानुवर्षं जातात, हीच यातली दिलासा देणारी बाब. पुष्कळांच्या बाबतीत कर्करोगाच्या आधी काहीतरी दिसू लागलेलं असतं.

चट्टा पांढरा, चट्टा लाल, आणि पाणीपुरी

डॉक्टरी चिठ्ठीवर तीन अवघड शब्द दिसू शकतात, ते एकदाच सांगून टाकते. ल्युकोप्लेकिया म्हणजे वर सांगितलेला पांढरा चट्टा. एरिथ्रोप्लेकिया म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा. तो क्वचित दिसतो, पण पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. लाल चट्ट्याचा तुकडा तपासला, तर त्यात कर्करोगाची सुरुवात झालेली आढळण्याची शक्यता बरीच असते. तिसरा शब्द सबम्युकस फायब्रोसिस. यात गालाच्या आतलं अस्तर आक्रसून चामड्यासारखं होतं आणि तोंड उघडेनासं होतं.

हा तिसरा प्रकार मुंबईत विशी-तिशीतल्या पोरांमध्ये मी नेहमी बघते. तक्रार घेऊन कुणीच येत नाही. ताप, सर्दी म्हणून येतात, आणि बोलता बोलता कळतं, की मिसळ आता झोंबते, पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून हल्ली फोडून खावी लागते. माझ्या लेखी पाणीपुरी ही तपासणीच आहे. दुसरी तपासणी घरीच करा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकाखाली एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर कुणाला तरी तोंड दाखवा. या आक्रसण्याचं मुख्य कारण सुपारी. तंबाखू त्यात असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, नुसत्या सुपारीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आणि आपण ती लग्नाच्या ताटाबरोबर चांदीच्या वाटीत ठेवतो, पोरं गोड सुपारीच्या पुड्या चघळत शाळेत जातात.

हे ज्ञान नवं नाही, आणि त्यातलं बरंचसं याच शहरात गोळा झालंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जिथे अणू-रेणूंचा अभ्यास चालतो तिथे, एक दंत संशोधन विभागही होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पोलिसांची तोंडं तपासली, त्यांच्या तंबाखूच्या सवयी लिहून घेतल्या आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. तो अभ्यास १९७२ साली छापून आला. पन्नास वर्षं उलटून गेली. चट्ट्याचं आणि तंबाखूचं नातं तेव्हाच कागदावर होतं.

परळ लांब, दवाखाना जवळ

आता डॉक्टरांकडे वळू. कर्करोगाचा तज्ज्ञ परळला बसतो. १९४१ पासून तिथे टाटा मेमोरियल उभं आहे, देशभरातून माणसं येतात. पण तज्ज्ञासमोर जे तोंड उघडतं, ते आधीच संशयित असतं. संशय यायच्या आधी ते तोंड कुणासमोर उघडतं?

दातांच्या डॉक्टरसमोर उघडायला हवं. पण दाढ ठणकल्याशिवाय आपल्याकडे दंतवैद्याची पायरी कोण चढतं? उरतो फॅमिली डॉक्टर. साखर, बीपी, व्हायरल, पोराचा खोकला, फिटनेस सर्टिफिकेट अशा निमित्तांनी माणूस वर्षातून तीन-चार वेळा त्याच्यासमोर बसतोच. पुन्हा त्याला घरातलं ठाऊक असतं. कोणाचा नवरा पुडी खातो, कोणाची सासू मशेरी लावते, कोणाची नोकरी गेल्यापासून दारू वाढली आहे. मोठ्या रुग्णालयातल्या केसपेपरवर हे येत नाही.

आकडे थोडेच देते. जागतिक अंदाजानुसार २०२० साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार माणसं दगावली. तासाला आठ-नऊ. भारतीय पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के जण धूर न काढता तंबाखू घेणारे निघाले, म्हणजे खाणारे, मळणारे, लावणारे. विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. राज्याची सरासरी भांडुपला जशीच्या तशी लागू होत नाही, तरी ढोबळ हिशेब करा: दिवसाला साठ प्रौढ पेशंट येत असतील, तर त्यातल्या चौदा-पंधरा जणांच्या गालफडात काही ना काही असणार. आम्ही मात्र सगळ्यांना जीभ दाखवायला सांगतो, घसा बघतो आणि टॉर्च बंद करतो.

घसा बघताना नेमकी धोक्याची जागा राहून जाते. भारतात हा रोग बहुतांशी गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत होतो, कारण बार तिथेच भरलेला असतो. “आ” केल्यावर ती खोबण झाकलेली राहते.

टॉर्च, गॉज आणि दोन मिनिटं

तुमच्या डॉक्टरने काय करायला हवं ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं, म्हणजे मागून घेता येईल. आधी कवळी काढायची. (इथे आजीबाई लाजतात, नातवाला बाहेर पाठवतात.) मग दोन लाकडी पट्ट्यांनी गाल बाहेर ओढून दोन्ही बाजूंच्या खोबणी शेवटच्या दाढेपर्यंत बघायच्या. खालचा-वरचा ओठ उलटून बघायचा. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून, कारण नुसत्या हाताने ती निसटते, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे ओढायची, म्हणजे तिच्या मागच्या कडा दिसतात. तिथला व्रण सहसा कुणाला दिसतच नाही. मग जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा बघायची, शेवटी टाळू.

आणि मग, याचा बहुतेकांना कंटाळा असतो, हातमोजा घालून बोट फिरवायचं. डोळ्याला फसवणारा व्रण बोटाला फसवत नाही. साधा फोड मऊ असतो आणि बोट लागताच माणूस कळवळतो. दुसऱ्या प्रकारच्या व्रणाची कड टणक लागते, वहाणेच्या पट्ट्यासारखी, आणि माणूस शांत बसलेला असतो. शेवटी दोन्ही हातांनी मान चाचपायची, जबड्याखाली कडक, न दुखणारी गाठ आहे का बघायला.

दोन मिनिटं म्हणते खरी, सराव होईपर्यंत मला चार लागत.

“मी तंबाखू खात नाही”

तपासणीपेक्षा अवघड काम प्रश्न विचारण्याचं. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला माझ्याकडे निम्म्या वेळा “नाही” असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. मशेरी लावणाऱ्या बाईच्या मते ती दात घासते. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घेऊन सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा आणि रात्री झोपताना एकदा “दात घासणं” चालतं. साताऱ्याकडच्या बायका तिला मिश्री म्हणतात. मावा खाणाऱ्याच्या मते ती सुपारी आहे. पानमसाला खाणाऱ्याच्या मते तो मुखवास आहे. कुणी म्हणतं, “सोडली मॅडम,” आणि सोडून चार दिवस झालेले असतात.

म्हणून मी आता प्रश्न बदललाय. “दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? जेवणानंतर तोंडात काय टाकता? कामावर झोप येऊ नये म्हणून काय घेता?” हे विचारताना सुरात रागाचा लवलेश आला, की संपलं. पेशंट खरं बोलणं बंद करतो, नाहीतर डॉक्टर बदलतो.

ज्यांना खरोखरच कसलंही व्यसन नाही, त्यांनाही हा रोग क्वचित होतो. दारूने धोका वाढतो, आणि तंबाखूबरोबर दारू असेल तर दोन्ही मिळून आणखी. पण व्यसन नसलेल्याच्या तोंडातला बरा न होणारा व्रणही तितक्याच गांभीर्याने घ्यायचा.

चौदा दिवसांचा हिशेब

नियम एवढाच: तोंडातला कोणताही व्रण, चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत, फार तर तीन, बरी झाली नाही, तर तिला “तोंड आलंय” म्हणणं थांबवायचं. अस्तर नवं व्हायला लागतो तेवढा वेळ देऊन झाला, आता कारण शोधायचं.

हा नियम मला कॉलेजात शिकवला होता, आणि तरी मी तो मोडला. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरलेले एक काका यायचे. “तोंड आलंय” म्हणाले. पावसाळ्याचे दिवस, बाहेर गर्दी. मी गोळ्या आणि लावायचं जेल दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा आले, “जरा बरं वाटतंय, पण अजून आहे.” मी जेल बदललं. टॉर्च टेबलावर होती, दोन्ही वेळा मी ती उचलली नाही. पुढे चार महिने ते दिसले नाहीत. मग त्यांचा मुलगा रिपोर्टची पिशवी घेऊन आला. तोपर्यंत खालच्या जबड्याचं हाड धरलं होतं. मुलगा मला काहीच बोलला नाही. त्याला फक्त रिपोर्ट समजावून हवा होता.

चूक नेमकी कुठे झाली? पहिल्या भेटीत मी बघितलं नाही, ही एक. पण मोठी चूक दुसऱ्या भेटीतली. “पुन्हा आले” ही गोष्ट मी ऐकलीच नाही. फॅमिली डॉक्टरकडे काळ मोजायची सोय असते, तीच मी वापरली नाही. तेव्हापासून असा पेशंट आला, की टेबलावरच्या कॅलेंडरवर चौदा दिवसांनंतरच्या चौकोनात त्याचं नाव लिहिते आणि त्याच्या फोनमध्ये व्रणाचा फोटो काढून ठेवायला सांगते. पुढच्या वेळी तुलना करता येते. “कमी वाटतंय” या दोन शब्दांवर विसंबावं लागत नाही.

पण डॉक्टरकडे वेळ कुठे असतो?

नसतो. साठ पेशंटांची तोंडं रोज तपासा, असं मी म्हटलं तर माझेच सहकारी मला वेड्यात काढतील. पण तशी गरजही नाही. केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. पस्तीशीच्या पुढच्या जवळजवळ दोन लाख लोकांना गट पाडून निवडलं, काही गटांत ठरावीक काळाने घरोघरी तोंडं तपासली, काहींत नाही. २००५ साली निकाल छापला गेला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, तपासणी झालेल्या गटांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. व्यसनं नसलेल्यांना धरून सगळ्यांचा हिशेब केला, तर मात्र फरक ठामपणे सांगता येण्याजोगा उरला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. सवय असलेला माणूस निवडा, त्याचं तोंड वर्षातून एकदा नीट बघा. साठातले पंधरा, तेही वर्षातून एकदाच. एवढा वेळ निघतो. सरकारी कार्यक्रमातही तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात किती जणांची होते, हे वाचकाने स्वतःलाच विचारावं: तुमचं तोंड शेवटचं कधी कुणी बघितलं?

आमचे डॉक्टर तर होमिओपॅथीचे

मुंबईच्या वस्त्यांमधले पुष्कळ दवाखाने बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर चालवतात, आणि त्यांना हे जमेल का असा प्रश्न येतो. केरळच्या त्या प्रयोगात तोंडं तपासली होती वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी. बघण्यासाठी डोळे, टॉर्च आणि शिकवणी लागते. पुढचं निदान आणि उपचार ज्याचं त्याने करायचं. चट्टा बघून “अमुक काढा घ्या, वितळून जाईल” असं कुणी सांगितलं, मग तो कोणत्याही पदवीचा असो, तिथून उठावं.

तुकडा काढला की पसरतो म्हणतात

हा समज इतका खोल गेलाय, की सुशिक्षित माणसंही दबक्या आवाजात विचारतात. तपासणीसाठी व्रणाच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, जागा बधिर करून. त्याने रोग पसरत नाही. मग लोकांना तसं का वाटतं? कारण तुकडा काढायला माणूस तयार होतो तोच महिनोन्महिने टाळाटाळ करून. तोपर्यंत रोग पसरलेलाच असतो, रिपोर्टमुळे तो कळतो, आणि दोष सुईला जातो.

उलट बाजूचा आक्षेपही खरा आहे: उगाच घाबरवून टाकता. तपासायला पाठवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कर्करोग निघत नाही. दाढेचा तुटका कोपरा, कवळीची कड, बुरशी, लायकेन नावाचा त्वचेचा आजार असं काहीतरी निघतं. आठवडाभर त्या घरात कुणी नीट जेवत नाही, हे मी बघितलंय. त्यामुळे चिठ्ठी देताना मी “कर्करोग” शब्द टाळत नाही, पण लगेच सांगते की बहुधा तो नसेल, आणि नसल्याची खात्री करायलाच पाठवतेय.

रुपयाच्या नाण्याएवढं

लवकर आणि उशिरा यात फरक किती? दोन सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, फार खोल न गेलेली गाठ पहिल्या टप्प्यात मोडते. तिथे शस्त्रक्रियेने बरेचदा भागतं, आणि दहातले साधारण आठ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. माणूस परत जेवतो, बोलतो, कामाला जातो. गाठ मोठी झाली, हाडात शिरली, मानेत उतरली, की पाच वर्षांचा टप्पा निम्मेही गाठत नाहीत. जबड्याचा भाग काढावा लागतो, पायाचं हाड किंवा छातीचं मांस-कातडी तिथे बसवावी लागते, मग सहा आठवडे रेडिएशन, ज्याला पेशंट “शेक” म्हणतात. नाकातून नळी. रिक्षा दुसऱ्याला चालवायला द्यावी लागते.

लहान गाठीतही मानेचं महत्त्व किती, हे टाटा मेमोरियलच्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं. मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. परळमधला हा निकाल जगभरच्या शल्यविशारदांनी वाचला.

चिठ्ठी खिशातच राहते

डॉक्टरने बघितलं, संशय घेतला, चिठ्ठी दिली. गोष्ट इथे संपत नाही, बहुतेक वेळा इथेच अडकते. रोजंदारीवरच्या माणसाला “टाटाला जा” म्हटलं की त्याच्या कानात मृत्यूची तारीख ऐकू येते. तो जात नाही. गावाला जातो.

पहिलंच पाऊल टाटाचं असायला हवं असं नाही, हे म्हणूनच सांगावं लागतं. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे तोंडाच्या आजारांचे विभाग आहेत, तुकडा तपासता येतो, आणि “दातांच्या दवाखान्यात चाललोय” असं घरी सांगता येतं. हे शेवटचं कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण त्याने माणसं जातात. पुढे उपचार लागलेच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारायचं, आणि पैसे भरायच्या आधी विचारायचं.

आणि डॉक्टरने फोन करायचा. “गेला होतात का?” एवढंच. मी गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असताना हे फोन करते. अर्धे नंबर लागत नाहीत.

सोडलं तर भरून येतं का?

पांढरे चट्टे पुष्कळदा कमी होतात. त्याच कुलाब्याच्या संस्थेने केरळ, गुजरात आणि आंध्रमधल्या छत्तीस हजार तंबाखू घेणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात सवय सुटलेल्यांमध्ये नवे चट्टे कमी उमटले. तो १९८६ साली छापला गेला. आक्रसलेलं तोंड मात्र पूर्वीसारखं सहसा होत नाही. सुपारी सोडली तर आणखी आवळायचं थांबू शकतं, व्यायामाने आणि उपचाराने थोडं उघडतं. त्यामुळे विशीतल्या पोराला मी कर्करोगाची भीती घालतच नाही, त्याला ती वीस वर्षांनंतरची गोष्ट वाटते. त्याला विचारते, पाणीपुरी जाते का?

सोडायला मदत हवी असेल तर पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. फारसं कुणी तो लावत नाही. मी दवाखान्यातच, माझ्यासमोर लावायला लावते.

आणि तो रिक्षावाला

जिभेच्या डाव्या कडेला, मागे, गव्हाच्या दाण्याएवढा व्रण होता. त्याच्या बरोबर समोर तुटलेली दाढ, कोपरा ब्लेडसारखा. कड मऊ लागली, बोट लागताच तो ओरडला, म्हणजे त्यातल्या त्यात बरं. जेवणानंतर सुपारी खातो म्हणाला, तंबाखू नाही. बी-कॉम्प्लेक्स दिलं नाही, थोडा नाराज झाला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे पाठवून दाढेचा कोपरा घासून घ्यायला सांगितला आणि कॅलेंडरवर नाव लिहिलं.

चौदाव्या दिवशी आला नाही. सोळाव्या दिवशी मी फोन करणार तेवढ्यात स्वतःच आला, रिक्षा बाहेर चालूच ठेवून. जीभ गॉजमध्ये धरून बघितली. व्रण गेलेला, नुसती गुलाबी खूण. बोट फिरवलं, मऊ. सुपारीचं विचारलं तर इकडेतिकडे बघू लागला.

निघताना पुन्हा दाराला हात, पुन्हा मागे वळणं. “मॅडम, आईला पाठवू काय? ती मशेरी लावते. गालात काहीतरी पांढरं आहे म्हणते, पण दुखत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर तिचाच होता. मी काही बोलायच्या आधीच तिने कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि पदर तोंडावर धरून बाकाच्या कडेला बसली.